विंडोजवर 'सी' प्रोग्रॅम जोडताना न सापडणारी फंक्शन्स : कारणे आणि उपाय

सी भाषेच्या प्रात्यक्षिकात एक प्रसंग वारंवार येतो. विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम कंपायलर स्वीकारतो, आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर 'अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल सिंबॉल' किंवा 'अनडिफाइन्ड रेफरन्स' अशी ओळ उमटते. प्रोग्रॅम पुस्तकाबरहुकूम उतरवलेला असतो, अर्धविराम जागच्या जागी असतात, तरीही चालण्याजोगी फाइल तयार होत नाही. अशा वेळी विद्यार्थी ती ओळच वगळून टाकतो, किंवा कोठून तरी चार ओळी आणून वर चिकटवतो. संदेश नाहीसा होतो खरा. परंतु त्यानंतर जो प्रोग्रॅम चालतो तो बरोबर चालतोच असे नाही. न सापडलेले फंक्शन मुळात कोणाच्या मालकीचे आहे हे ओळखल्यावाचून केलेला उपाय बहुधा चुकीचा ठरतो. या दृष्टीने प्रस्तुत लेखात या समस्येचा विचार केला आहे. (फंक्शन्सची व फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती बहुधा रोमन लहान अक्षरांत लिहावयाची आहेत. काही अपवाद त्या त्या ठिकाणी सांगितले आहेत.)

हेडर म्हणजे वचन, लायब्ररी म्हणजे माल

प्रोग्रॅम तयार होण्याचे दोन टप्पे आहेत. कंपायलर एका वेळी एकच फाइल पाहतो आणि तिची ऑब्जेक्ट फाइल करतो. त्या फाइलीत आलेले 'प्रिंटएफ' कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते व ठाऊक असण्याची गरजही नसते. 'या नावाचे फंक्शन अन्यत्र आहे' एवढी नोंद करून तो मोकळा होतो. दुसऱ्या टप्प्यात लिंकर सर्व ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्रऱ्या समोर ठेवून प्रत्येक नोंदीला तिचे फंक्शन मिळवून देतो. ज्या नोंदीला जोडीदार मिळत नाही तिचे नाव तो तक्रारीत लिहितो. व्हिज्युअल सी++ मध्ये या तक्रारीचा क्रमांक एलएनके २०१९ किंवा एलएनके २००१ असा असतो. २०१९ मध्ये ते नाव कोणत्या फंक्शनमधून मागितले गेले हेही सांगितलेले असते, म्हणून तो अधिक उपयोगी.

हेडर फाइल जोडली म्हणजे फंक्शन मिळाले, असा विद्यार्थ्यांचा पक्का समज असतो. वास्तविक 'एसटीडीआयओ डॉट एच' या फाइलीत प्रिंटएफचे शरीर नसते, केवळ त्याची ओळख असते. हेडर हे वचन होय. माल लायब्ररीत असतो. ही एक गोष्ट फळ्यावर दोन चौकोन काढून समजावली तर पुढची निम्मी अडचण दूर होते.

पण मग हेडरमध्ये ज्याची ओळखही नाही असे फंक्शन कंपायलर का स्वीकारतो? याचे उत्तर भाषेच्या इतिहासात आहे. १९८९ च्या प्रमाण सी भाषेत अघोषित फंक्शन वापरण्याची मुभा होती. असे फंक्शन पूर्णांक परत देते असे कंपायलर गृहीत धरी. १९९९ च्या प्रमाणाने ही मुभा काढून घेतली, तरी कंपायलर पुढे कित्येक वर्षे केवळ इशारा देऊन सोडून देत राहिले. व्हिज्युअल सी++ मध्ये तो इशारा सी ४०१३ या क्रमांकाचा आहे. क्लँगने २०२३ मधील १६ व्या आवृत्तीपासून आणि जीसीसीने २०२४ मधील १४ व्या आवृत्तीपासून त्याला चूक मानावयास सुरुवात केली. यास्तव लिंकरची तक्रार आली की आधी तिच्या वरचे इशारे वाचावेत. उत्तर पुष्कळदा तेथेच असते.

हा इशारा दुर्लक्षून प्रोग्रॅम जोडला गेला तर धोका अधिकच. 'स्ट्रडप' हे फंक्शन पत्ता परत देते. जीसीसीच्या जुन्या आवृत्तीला काटेकोर प्रमाण पाळण्याची सूचना दिली तर स्ट्रडपची ओळख हेडरमधून लपते, मात्र लायब्ररीत ते असतेच. लिंकर समाधानी होतो. पण कंपायलरने ते पूर्णांक देते असे धरलेले असल्याने ६४ बिटांच्या पत्त्याचे ३२ बिट गळून पडतात आणि प्रोग्रॅम पहिल्याच वापरात कोसळू शकतो. त्या मानाने लिंकरने अडवलेले बरे.

फंक्शन कोणाचे?

फंक्शन सापडत नाही असे दिसताच पहिला प्रश्न विचारावा तो मालकीचा. विद्यार्थी ज्यांना सरसकट 'सी ची फंक्शन्स' म्हणतो ती प्रत्यक्षात चार घरची असतात: प्रमाण सी भाषेची, युनिक्स परंपरेतील पोसिक्सची, मायक्रोसॉफ्टची आणि बोर्लंडची.

आपल्याकडील महाविद्यालयांत सर्वाधिक गोंधळ चौथ्या घराने घातला आहे. बोर्लंड कंपनीचा टर्बो सी १९८७ साली आला. तो छोटा, वेगवान आणि साध्या यंत्रावर चालणारा असल्याने येथील अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तके त्याच्याभोवतीच रचली गेली. पडदा पुसणारे 'सीएलआरएससीआर', विशिष्ट जागी नेणारे 'गोटूएक्सवाय', रंग देणारे 'टेक्स्टकलर', आवाज काढणारे 'साउंड', थांबवणारे 'डिले', चित्रे काढण्यासाठीचे 'इनिटग्राफ' ही सर्व बोर्लंडची देणगी होय. त्यांतील एकही प्रमाण सी मध्ये नाही. ६४ बिटांची विंडोज डॉसचे १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवत नाही आणि विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांतच येते. टर्बो सी वापरायचा तर डॉसबॉक्ससारख्या आभासी यंत्रात वापरावा लागतो. तेच पुस्तक घेऊन विद्यार्थी घरच्या संगणकावर मिनजीडब्ल्यू किंवा व्हिज्युअल सी++ बसवतो, 'कॉनिओ डॉट एच' ही फाइल सापडल्याने निश्चिंत होतो आणि सीएलआरएससीआरवर अडकतो. त्याच्या दृष्टीने हे अन्यायाचे असते, कारण त्याच फाइलीतील 'गेटच' मात्र चालते. फाइलीचे नाव एक असले तरी दोन कंपन्यांनी तीत वेगवेगळा माल भरला आहे. मायक्रोसॉफ्टकडे गेटच आहे, पडदा पुसणारे फंक्शन नाही.

टर्बो सी वर शिकवलेल्या प्राध्यापकांना 'अनडिफाइन्ड सिंबॉल इनिटग्राफ' हा संदेश आठवत असेल. तेव्हा पर्यायसूचीत जाऊन ग्राफिक्स लायब्ररीपुढे खूण केली की काम होई. तेथेही रोग हाच होता: वचन होते, माल जोडलेला नव्हता. आजच्या कंपायलरमध्ये मात्र अशी खूण करावयास जागा नाही, कारण तो मालच तेथे नाही. पडदा पुसण्यासाठी 'सिस्टिम' या फंक्शनला 'सीएलएस' ही आज्ञा देता येते. जागा बदलण्यासाठी विंडोजचे 'सेटकन्सोलकर्सरपोझिशन' आहे. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तर पडदा पुसण्याची ओळ काढून टाकल्याने काहीच बिघडत नाही, आणि प्रारंभिक अभ्यासासाठी तोच उत्तम मार्ग.

'गेट्स' या फंक्शनची गोष्ट उलटी आहे. ते खरोखर प्रमाण सी चे होते, प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, आणि तरीही आज सापडत नाही. वाचलेला मजकूर ठेवण्यास जागा किती आहे हे त्याला सांगताच येत नाही, त्यामुळे लांब ओळ आली की ते शेजारची स्मृती तुडवते. २०११ च्या प्रमाणातून ते वगळण्यात आले आणि मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून ते आपल्या लायब्ररीतून काढले. या ठिकाणी जुने गेट्स परत मिळवण्याचा खटाटोप करू नये. 'एफगेट्स' वापरावे आणि ते ओळीच्या शेवटचे नव्या ओळीचे चिन्हही मजकुरात ठेवते हे विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावे. अन्यथा नावांची तुलना का फसते हे त्यांना कळत नाही.

पोसिक्सच्या घरातील फंक्शन्सविषयी थोडक्यात सांगता येईल. लिनक्सवर लिहिलेला प्रोग्रॅम विंडोजवर आणला की व्हिज्युअल सी++ मध्ये 'स्ट्रकेसकंप', 'गेटटाइमऑफडे', 'गेटलाइन' सापडत नाहीत. स्ट्रकेसकंपऐवजी मायक्रोसॉफ्टचे 'स्ट्रआयकंप' (आरंभी अंडरस्कोरसह) चालते. 'स्लीप'च्या बाबतीत सावध राहावे: विंडोजचे स्लीप मोठ्या एस ने सुरू होते आणि सेकंद नव्हे तर सेकंदाचे हजारावे भाग मोजते. पहिले अक्षर बदलून प्रोग्रॅम जोडला जातो, पण दोन सेकंद थांबायचे ते जवळजवळ थांबतच नाही. 'फोर्क'ला तर विंडोजमध्ये समकक्ष फंक्शनच नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयासाठी फोर्कची प्रात्यक्षिके करायची असतील तर सिग्विन अथवा विंडोजमधील लिनक्स उपप्रणाली वापरावी.

प्रमाण असूनही नसलेले फंक्शन विरळा, पण आहे. २०११ च्या प्रमाणातील 'अलाइन्ड अलॉक' मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत नाही. त्याने दिलेली स्मृती नेहमीच्या 'फ्री'ने मुक्त करता यावी असे प्रमाण सांगते, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्मृतिव्यवस्थेत ते जमत नाही. त्याऐवजी तेथे 'अलाइन्ड मॅलॉक' व 'अलाइन्ड फ्री' ही अंडरस्कोरने सुरू होणारी स्वतंत्र जोडी आहे.

एकाच विंडोजवर अनेक सी लायब्रऱ्या

लिनक्सवर सी लायब्ररी ही बहुधा प्रणालीचा भाग असते. विंडोजवर दीर्घकाळ ती कंपायलरबरोबर येत असे, आणि येथील बऱ्याच समस्यांचे मूळ यातच आहे. व्हिज्युअल सी++ च्या ४.२ ते ६.० या आवृत्त्या 'एमएसव्हीसीआरटी' ही डीएलएल वापरत. २००२ पासून प्रत्येक आवृत्तीची वेगळी डीएलएल आली: ७०, ७१, पुढे २००५ ची ८०, २००८ ची ९०, २०१० ची १००, असे करत २०१३ ची १२०. २०१५ मध्ये हा प्रकार थांबवून 'युनिव्हर्सल सी रनटाइम' आणला गेला आणि तो विंडोज १० पासून प्रणालीचा भाग झाला. मिनजीडब्ल्यूने जुनी एमएसव्हीसीआरटीच आधार म्हणून धरली होती. आज त्याचे दोन्ही अवतार मिळतात. दोन विद्यार्थी एकाच नावाचा कंपायलर बसवूनही भिन्न परिणाम दाखवतात ते यामुळे. जुन्या लायब्ररीवर 'लाँग डबल' छापताना अर्थहीन आकडे येतात, कारण जीसीसीच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या मते त्या प्रकाराचा आकारच निराळा आहे.

२०१५ च्या बदलाने अनेक जुन्या प्रकल्पांची घडी विस्कटली. त्या वर्षी प्रिंटएफ व स्कॅनएफ कुळातील फंक्शन्स लायब्ररीतून निघून हेडरमध्येच, जागच्या जागी विस्तारली जाणारी, अशी झाली. नव्याने कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमला याचा काही त्रास नाही. पण आधीच्या आवृत्तीत तयार करून ठेवलेली लायब्ररी जोडली तर ती प्रिंटएफ मागते आणि लिंकरला ते सापडत नाही. 'प्रिंटएफच नाही' हा संदेश पाहून कोणीही चक्रावून जावे! यासाठी मायक्रोसॉफ्टने 'लेगसी एसटीडीआयओ डेफिनिशन्स' नावाची लायब्ररी दिली आहे. प्रकल्पाच्या लिंकर विभागात तिचे नाव घातले की ही तक्रार मिटते, आणि हा उपाय निर्धोक आहे.

त्याच बदलातील दुसरी तक्रार 'आयओबी फंक' या नावाची असते, आणि तिच्यावरचा प्रचलित उपाय निर्धोक नाही. जुन्या पद्धतीत मानक निविष्टी, मानक प्रदान व मानक त्रुटी हे तीन प्रवाह एका सारणीत ओळीने ठेवलेले असत आणि आयओबी फंक त्या सारणीचा पत्ता देई. ३२ बिटांच्या प्रोग्रॅममध्ये सारणीतील प्रत्येक खण आठ घटकांचा, ३२ बाइटांचा होता. नव्या लायब्ररीत 'फाइल' या रचनेचे आतले घटक झाकून टाकले असून तिच्यात केवळ एक पत्ता उरला आहे, म्हणजे ४ बाइट. आता कोणी आपल्या प्रोग्रॅममध्ये त्या नावाचे फंक्शन स्वतः लिहून तीन प्रवाहांची नवी सारणी परत दिली, तर लिंकर गप्प होतो. जुनी लायब्ररी मात्र तिसरा प्रवाह शोधताना पूर्वीच्या हिशेबाने ६४ बाइट पुढे जाते आणि भलत्याच स्मृतीवर पोहोचते. तिसरा प्रवाह त्रुटी कळवण्यासाठी असतो. म्हणजे सर्व ठीक असेपर्यंत प्रोग्रॅम चालतो आणि चूक सांगण्याची वेळ येताच कोसळतो. येथे योग्य मार्ग एकच: ती लायब्ररी नव्या कंपायलरने पुन्हा तयार करणे किंवा तिची नवी आवृत्ती मिळवणे.

नावाचे सोंग देऊन काम भागवण्याचे दुसरे उदाहरण 'एसएनप्रिंटएफ'चे. १९९९ च्या प्रमाणातील हे फंक्शन मायक्रोसॉफ्टकडे २०१५ पर्यंत नव्हते. होते ते अंडरस्कोर लावलेले, जुने. अनेकांनी एका डिफाइन ओळीने पहिल्याला दुसरे मानले. परंतु जागा अपुरी पडली की प्रमाण फंक्शन शेवटी शून्य-चिन्ह ठेवतेच आणि मजकुरास एकूण किती जागा लागली असती तो आकडा देते. अंडरस्कोरवाले शून्य-चिन्ह ठेवत नाही आणि मजकूर मावला नाही तर ऋण संख्या देते. शून्य-चिन्हाविना राहिलेला मजकूर वाचणारा प्रोग्रॅम पुढच्या स्मृतीत वाचत जातो. सुरक्षिततेतील कित्येक छिद्रे याच जातीची असतात. जुन्या प्रकल्पात ती डिफाइन ओळ आढळली आणि कंपायलर २०१५ नंतरचा असेल, तर ती काढून टाकावी.

फंक्शन असते, पण लिंकरपर्यंत पोहोचत नाही

सर्वांत सामान्य कारण सर्वांत साधे आहे: दुसरी सी फाइल प्रकल्पात घेतलेलीच नसते, किंवा नावात लहान-मोठ्या अक्षराचा फरक असतो. हे आधी पाहावे. 'विनमेन' सापडत नाही अशी तक्रार आली तर विद्यार्थी घाबरतो, कारण त्याने असे काही लिहिलेलेच नसते. बहुधा 'मेन'चे स्पेलिंग चुकलेले असते किंवा रिकामी फाइल जतन झालेली असते. व्हिज्युअल सी++ मध्ये प्रकल्पाचा प्रकार कन्सोलऐवजी विंडोज निवडला गेल्यासही हेच होते.

नावाभोवतीची चिन्हे वाचण्याची सवय विद्यार्थ्यांस लावावी. 'विनमेन ॲट १६' मधील १६ म्हणजे ३२ बिटांच्या विंडोजवर चार प्राचलांचे मिळून १६ बाइट. नावाआधी 'आयएमपी' दिसले तर ते फंक्शन डीएलएलमधून अपेक्षित आहे. जीसीसीच्या तक्रारीत नावापुढे कंसात प्राचलांचे प्रकार दिसले, तर ती मागणी सी++ च्या पद्धतीने झाली आहे. लायब्ररी सी ची असेल तर तिची घोषणा 'एक्स्टर्न सी' मध्ये गुंडाळावी लागते. फाइलीचे विस्तारनाम चुकून सीपीपी पडल्यानेही हा प्रकार घडतो.

सॉकेटची फंक्शन्स सी लायब्ररीत नसून 'डब्ल्यूएस२_३२' या लायब्ररीत असतात व ती वेगळी जोडावी लागते. जीसीसीमध्ये लायब्ररीचे नाव आज्ञेत प्रोग्रॅमच्या फाइलीनंतर यावे, कारण त्याचा लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि त्या क्षणापर्यंत कोणी मागितलेले नसेल ते उचलत नाही. केवळ क्रम उलटा केल्याने सुटणाऱ्या तक्रारी थोड्या नाहीत. गणिताच्या फंक्शन्ससाठी लिनक्सवर 'एलएम' हा पर्याय द्यावा लागतो. विंडोजवर ती मुख्य लायब्ररीतच आहेत. ३२ बिटांचा प्रोग्रॅम आणि ६४ बिटांची लायब्ररी यांची जोडी जमत नाही, हे तर उघडच आहे. तरी डाउनलोड करताना हीच चूक होते.

शंका उरलीच तर लायब्ररी उघडून पाहावी. जीसीसीबरोबर येणारे 'एनएम' हे साधन प्रत्येक नावापुढे अक्षर छापते: टी म्हणजे येथे आहे, यू म्हणजे येथेही दुसऱ्याकडून हवे आहे. व्हिज्युअल सी++ मध्ये हेच काम 'डंपबिन' करते. एखाद्या ऑब्जेक्ट फाइलीवर हे साधन वर्गात चालवून दाखवले तर वचन आणि माल यांतला फरक विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसतो.

जोडणी झाल्यानंतर

प्रोग्रॅम प्रयोगशाळेत जोडला जातो, चालतो, आणि परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या संगणकावर 'अमुक डीएलएल नाही' किंवा 'प्रोसीजर एंट्री पॉइंट सापडत नाही' असे सांगून थांबतो. रोग तोच, फक्त शोध आता प्रोग्रॅम सुरू होताना घेतला जातो. हरवलेली एकच डीएलएल कोठून तरी उतरवून प्रणालीच्या फोल्डरमध्ये टाकणे धोक्याचे आहे. मायक्रोसॉफ्टचा त्या आवृत्तीचा 'रीडिस्ट्रिब्युटेबल' संच बसवावा, तोही प्रोग्रॅमच्या बिटांचा: विंडोज ६४ बिटांची असली तरी ३२ बिटांच्या प्रोग्रॅमला ३२ चाच संच लागतो. मिनजीडब्ल्यूच्या प्रोग्रॅमला 'स्टॅटिक' पर्याय देऊन जोडल्यास कंपायलरच्या सोबतच्या डीएलएल न्याव्या लागत नाहीत. डीएलएलच्या नावाच्या शेवटी डी अक्षर असेल, जसे 'व्हीसीरनटाइम १४० डी', तर प्रकल्प डीबग प्रकारात तयार झाला आहे. या डीएलएल वितरणासाठी नसतात आणि कोणत्याही रीडिस्ट्रिब्युटेबल संचात मिळत नाहीत. प्रकल्प रिलीज प्रकारात पुन्हा तयार करून तीच फाइल परीक्षेस न्यावी.